कमरेइतकं पाणी

सप्टेंबर सरता सरता काठावरच्या छत्र्या मिटतात,
आइस्क्रीमवाला शटर ओढतो
आणि बालाटोन आमचं होतं.
फोन्योदहून आत चालत सुटलं
तरी पाचशे पावलांवर पाणी कमरेइतकंच.
दुधात हिरवा थेंब पडावा तसा त्याचा रंग.
पलीकडे बादाचोन्यचा डोंगर,
माथा कुणी सुरीने कापून नेल्यासारखा.

चाळण बोल्दिझारने बनवली:
सशांच्या पिंजऱ्याची जाळी, चार पाइप,
आणि तरंगायला नातवाच्या पोहायच्या
फोमच्या दोन नळ्या, एक गुलाबी, एक पिवळी.
दोरीने ती त्याच्या कमरेला बांधलेली.
तो चालला की मागून येते,
थांबला की पाठीत ढुशी देते, कोकरासारखी.

यंत्र माझ्या हातात, हेडफोन माझ्या कानांवर.
एकतीस वर्षं तो वाटाण्याच्या कारखान्यात
डब्यांना झाकणं ठोकणाऱ्या यंत्रापाशी उभा होता.
बारीक आवाज त्याच्या कानांतून
एकेक करत उठून गेले:
आधी रातकिडे, मग किटलीची शिट्टी,
मग मी, स्वयंपाकघरातून हाक मारणारी.
म्हणून ऐकायचं मी, उपसायचं त्याने.

मी बोट खाली करते.
तो लांब दांड्याचं खोरं रुतवतो, पायाने दाबतो,
पाणी गढूळतं,
घमेलंभर वाळू जाळीवर पडते
आणि चाळण बुडण्याचं सोंग करते.
मग तो ती हलवतो, हिसके देत.
अरे, हळू, किती वेळा सांगितलं.
ऐकू येत नाही, हा त्याचा जुना बहाणा.

चाळणीत पाणी थांबत नाही म्हणतात.
नाहीच थांबत. वाळूही जाते,
शिंपल्यांचा चुरा जातो,
मागे राहतो तो बहुतेक कचरा:
बिअरच्या डब्याची कडी. बूच. गळाचं शिसं.
केसांची पिन. पुन्हा कडी.
सोनं आणि डब्याची कडी
कानाला जवळजवळ सारखीच लागतात,
हे मला साठी उलटल्यावर कळलं.

एकदा मात्र अंगठी आली.
आत जर्मन नाव, साल एकोणऐंशी.
तेव्हा मी बोटीच्या धक्क्यावर तिकिटं फाडायचे.
भिंतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे
सख्खे भाऊ या पाण्यात भेटायचे,
पंधरा दिवस एकाच टॉवेलने अंग पुसायचे
आणि दोन वेगळ्या गाड्यांनी घरी जायचे.
अंगठी चौकीत दिली.
वर्षभर कुणी आलं नाही न्यायला.

आज काहीतरी कापऱ्या आवाजात बोललं.
मी मानेने नको म्हटलं. त्याने उपसलंच.
चौथ्या हिसक्याला जाळीवर एक चकती:
दोन फिल्लेर. ॲल्युमिनियमचं नाणं, मधोमध भोक.
तेव्हाही त्यात काही यायचं नाही,
आम्ही मुली दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचो.
भोकाचा पैसा, शेकडो भोकांच्या चाळणीत,
आणि तरी गळून गेला नाही.

बोल्दिझारने ते डोळ्याला लावलं,
भोकातून माझ्याकडे पाहिलं
आणि नेहमीसारखा तळहात पुढे केला.
प्रत्येक वस्तू कशी वाजली ते मी
बोटाने त्याच्या हातावर वाजवून दाखवते.
आज वाजवलं: एक लांब, दोन तुटके,
आणि मध्ये काहीच नाही.
तो एवढ्या मोठ्याने हसला
की बदकं उडाली.
नाणं पिशवीत न टाकता शर्टाच्या खिशात घातलं.

मग त्यानेच माझी बाही ओढली.
काठावर वादळाचा दिवा लुकलुकत होता.
हेडफोनमुळे मला वारा कळलाच नव्हता.

परतताना वारा पाठीमागून होता.
चाळण आमच्या पुढे गेली,
गुलाबी-पिवळी, रिकामी, घाई झालेली,
दोरी ताणून त्याला ओढत राहिली.
तो ओरडत होता, "हळू, हळू."